न जाणण्याचा हक्क

२०२४ च्या गुढीपाडव्याला मी नव्या वहाणा घेतल्या. वहाण ही मोठी स्पष्टवक्ती वस्तू आहे. आरशाला माणूस फसवू शकतो; थोडा उजेड कमी केला की झाले. सैल सदरा शिवून पोटालाही झाकता येते. परंतु वहाणेच्या अंगठ्यात पाय शिरला नाही म्हणजे शिरला नाही; तेथे मखलाशी चालत नाही. उजवी वहाण पहिल्याच दिवशी जुन्या सोबत्यासारखी पायात बसली. डावी मात्र रुसली. मी दुकानदाराला दोष दिला, कातड्याला दोष दिला, माप घेतले त्या वेळच्या घाईलाही दोष दिला. दोष द्यायचा राहिला तो फक्त पायाला. तो सुजला होता.

फराळाच्या ताटाशेजारी आजाराची गोष्ट मांडणे शिष्टाचाराला सोडून आहे, हे मी जाणतो. पण माझी गोष्ट खरे म्हणजे पायाची नाही. पायाने मला एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात मी चुकलो. त्या चुकीची ही गोष्ट आहे. प्रश्न असा: आपल्या शरीरात काय चालले आहे, हे न जाणण्याचा आपल्याला हक्क आहे काय?

मी राहतो तळेघरला. घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघाले की डिंभ्याचे धरण लागते. मग घाट चढून वर आले की हवा पालटते, आणि भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे दिसू लागतात. १९७८ साली मी येथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो. मी मूळचा जुन्नरचा, तेव्हा दोन-तीन वर्षांत बदली करून घ्यावी असा विचार होता. तो विचार करता करता बत्तीस वर्षे गेली. २०१० साली निवृत्त झालो, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, तरी आम्ही दोघे येथेच राहिलो. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पण रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस "गुरुजी, बरं हाय ना?" असे विचारून पुढे जातो. या वयात एवढी मिळकत पुष्कळ झाली.

पाय सुजल्याचे पहिल्यांदा पाहिले ते पत्नीने. तिने मीठ घातलेल्या गरम पाण्याचा शेक दिला. शेजारच्या म्हाताऱ्याने निर्गुडीचा पाला आणून दिला. तो गरम करून बांधला. कुणी म्हणाले, वात आहे. कुणी म्हणाले, खुर्चीत फार वेळ बसता. एकाने तर मुंगळा चावला असेल असे निदान केले, आणि मला ते फार आवडले. सुजलेल्या पायाइतकी सार्वजनिक मालमत्ता दुसरी नसेल. जो तो येऊन त्यावर मत देऊन जातो. सकाळी सूज थोडी उतरे, संध्याकाळपर्यंत पुन्हा चढे. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडे, आणि अंगठा काढून घेतल्यावरही तो काही वेळ तसाच राही, ओल्या मातीत पाऊल उमटल्यासारखा. पुण्याहून मुलगा दर रविवारी फोनवर विचारी, "तपासून घेतलंत का?" मी दर रविवारी म्हणे, "आता बरंच उतरलंय."

मी खोटे का बोलत होतो? १९६९ साली माझ्या वडिलांचे पाय सुजले. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आमची आजी म्हणे की बाईची सूज तोंडापासून आणि पुरुषाची पायापासून सुरू झाली की ती काही चांगली नव्हे. पाय सुजले, मग दम लागू लागला, मग उशीला टेकून बसून रात्री काढणे आले. आणि पुढल्या वर्षीचा पाडवा वडिलांनी पाहिला नाही. ते दुखणे हृदयाचे होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. पण लहानपणी मनात बसलेले गणित शास्त्राने पुसले जात नाही. सुजलेला पाय म्हणजे एक वर्ष, हे माझे गणित. त्र्याहत्तराव्या वर्षी ते गणित मला सोडवून पाहायचे नव्हते.

तथापि भित्र्या माणसालाही आपल्या भीतीला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसवता येते. मास्तराला तर फारच सहज येते. मी स्वतःशी तीन मुद्दे मांडले. एक, हे शरीर माझे आहे. त्याची चौकशी करायची की नाही हे मी ठरवीन. दोन, जे टळणार नाही ते आधी कळून काय उपयोग? आणि तीन, सत्तरी उलटली, आता पोथी मिटायची वेळ. नवे पान उलटून काय पाहायचे? हे मुद्दे मला इतके बिनतोड वाटले की मी जवळजवळ विरक्त झालो. माझ्या चेहऱ्यावर एक शांतपणा आला. लोक म्हणत, गुरुजी मोठे निवांत आहेत.

याच दिवसांत मला एका जुन्या राजाची आठवण झाली. पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणलेले सॉफोक्लिसचे नाटक मी पूर्वी वाचले होते. ज्याला आपण ईडिपस म्हणतो त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'सुजलेल्या पायाचा' असा आहे. तान्हेपणी बापाने त्याचे घोटे टोचून, बांधून त्याला डोंगरावर टाकून द्यायला सांगितले. त्या जखमांनी सुजलेल्या पायांवरून त्याला हे नाव पडले. हा राजा पुढे आपल्या जन्माचा शोध घेऊ लागतो, तेव्हा राणी त्याला विनवते की हा शोध थांबव, यात सुख नाही. तो थांबत नाही. अखेर जे कळते ते इतके भयंकर असते की तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. मला ही कथा आपल्या पक्षाची वाटली. पाहा, मी म्हटले, सुजलेल्या पायाच्या माणसाने फार खोलात शिरू नये! जगातली एवढी मोठी शोकांतिका माझ्या बाजूने साक्ष देत होती. त्या नाटकाचा आरंभ मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. तो पुढे सांगेन.

आषाढात आवणी सुरू झाली. चिखलणी झालेल्या खाचरात, डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, दिवसभर वाकून माणसे भाताची रोपे लावीत होती. एके दिवशी पाऊस थोडा उघडला, तशी माझी एक जुनी विद्यार्थिनी ओसरीवर आली. १९८२ साली ती माझ्या चौथीच्या वर्गात होती. वर्गात तिचे अक्षर सर्वांत सुंदर. पण चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण पाचवीचा वर्ग दूर आणि घरी धाकटी भावंडे. आता ती स्वतः आजी झाली आहे. पायांवरचा चिखल धुऊन ती बसली, आणि तिची नजर माझ्या पायावर गेली.

"गुरुजी, तुमचा बी पाय सुजलाय?"

"बी म्हणजे?" मी विचारले.

तिने आपले पाय पुढे केले. दोन्ही सुजले होते. मी म्हणालो, दिवसभर पाण्यात उभी असतेस, त्याने असेल. तिने विचारले, "तुम्ही काय इलाज केला?" तेव्हा मी, जणू काही सारे ठरवूनच ठेवले आहे अशा आवाजात, म्हणालो, "तुझी आवणी होऊ दे. मग आपण दोघे बरोबर जाऊन तपासून घेऊ." ती हसून उठली. तिला ते पटले. आवणी सोडून दवाखान्यात जाणे तिला परवडण्यासारखे नव्हतेच. भाताची लावणी कुणाच्या पायासाठी थांबत नाही.

आवणी संपली आणि श्रावण आला. श्रावणात भीमाशंकरच्या यात्रेमुळे रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, तेव्हा मी म्हणालो, ही गर्दी ओसरू दे. मग गणपती आले. गणपतीत कुणी दवाखान्यात जाते का? मग पितृपंधरवडा, त्या दिवसांत नवे काही सुरू करू नये. मग नवरात्र. आपल्या पंचांगाची थोरवी अशी की टाळणाऱ्याला त्यात वर्षभर पुरतील एवढी कारणे सापडतात. या काळात तिने मला दोनदा विचारले, "गुरुजी, कधी जायचं?" आणि दोन्ही वेळा मी पुढला सण सांगितला.

कोजागिरीच्या रात्री आमच्या अंगणात दूध आटवले होते. चार घरची माणसे जमली होती. कोजागिरीचे नावच मुळी एका प्रश्नावरून पडले आहे. लक्ष्मी मध्यरात्री पृथ्वीवर येऊन विचारते, कोण जागे आहे? मी ओटीवर खांबाला टेकून बसलो होतो. अंगणात माझी पत्नी तिला विचारीत होती, "अगं, तुझा चेहराही सुजल्यासारखा दिसतो. दाखवलंस का कुणाला?" आणि ती अगदी सहज म्हणाली, "न्हाई. गुरुजींचा बी पाय सुजलाय की. ते एवढं शिकलेलं. काय भ्या असतं तर ते निवांत बसलं असतं का?"

वाचकहो, हे वाक्य ऐकले आणि माझे तिन्ही मुद्दे त्या चांदण्यात उघडे पडले. मी ज्याला विरक्ती म्हणत होतो तिला ही बाई दाखला समजत होती. माझा निवांत चेहरा तिने प्रमाणपत्रासारखा वाचला होता. आणि तिला वाचायला मीच शिकवले होते! घाबरलेला माणूस शांतपणाचे सोंग करतो तेव्हा त्याला वाटते की आपण आपल्यापुरते सोंग करीत आहोत. पण पाहणारे असतात, आणि ते त्यावर विसंबतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे गावच्या आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला विचारले, "किती दिवस झाले सूज येऊन?" मी म्हणालो, "झाले थोडे दिवस." पत्नी म्हणाली, "पाडव्यापासून." डॉक्टरांनी माझ्याकडे असे पाहिले की गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे मी बत्तीस वर्षे कसा पाहत होतो ते मला समजले. सूज एका पायाला की दोन्ही? सकाळी की संध्याकाळी? दम लागतो का? रात्री किती उशा लागतात? कोणत्या गोळ्या चालू आहेत? काही गोळ्यांनीही पाय सुजतात, असे त्यांनी सांगितले. सुजलेला पाय हा रोग नव्हे. तो निरोप आहे, आणि निरोप कुठून आला हे शोधावे लागते. हृदयाकडून, मूत्रपिंडाकडून, यकृताकडून, कंठातल्या ग्रंथीकडून, की पायातल्याच शिरांकडून.

मग तिची पाळी आली. तिने सरळ उत्तरे दिली. दोन्ही पाय, आवणीच्या आधीपासून. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असतात. आणि लघवीला फेस येतो. हे शेवटचे तिने कुणालाच सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. मीही विचारले नव्हते. डॉक्टरांनी तिची लघवी तपासायला घेतली. कागदाची एक पट्टी तीत बुडवली. पट्टीचा पिवळा रंग बघता बघता गडद हिरवा झाला. डॉक्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरी पट्टी बुडवली. तिचाही रंग तसाच झाला.

त्या पट्टीमागचा इतिहास मी नंतर वाचला. १८२७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टराने दाखवून दिले की अंगावर सूज असलेल्या काही रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली तर ती अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गोठते. आणि अशांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात. म्हणजे रक्तातले प्रथिन गळून जात असते. ते गळाले तर सूज का यावी, याचा उलगडा १८९६ साली अर्नेस्ट स्टार्लिंग याने केला. रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर ढकलणारा एक दाब असतो, आणि रक्तातली प्रथिने त्या पाण्याला आत धरून ठेवतात. आमच्याकडच्या माणसाला हे सांगणे सोपे आहे. खाचराचा बांध धड असेल तर पाणी खाचरात राहते. बांधाची माती वाहून गेली की ते शेजारच्या वावरात पाझरते. तिच्या अंगातल्या बांधाची माती कित्येक महिने वाहून जात होती, आणि आम्ही दोघे सण मोजीत होतो.

डॉक्टरांनी तिला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचे ठरवले. मला मंचरला रक्त, हृदयाचा आलेख आणि पायाच्या शिरांची डॉप्लर तपासणी करून यायला सांगितले. मी मुलाला फोन केला आणि पाडव्यापासूनचे सारे खरे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो."

डॉप्लरची तपासणी म्हणजे पायाला थंडगार चिकट लेप लावून त्यावरून एक यंत्र फिरवतात. पडद्यावर शिरा दिसतात आणि रक्ताचा आवाज ऐकू येतो. आपलेच रक्त नाल्यातल्या पाण्यासारखे खळाळताना ऐकणे हा चमत्कारिक अनुभव आहे. ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ साली हा सिद्धांत मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. आकाशातल्या ताऱ्यांसाठी केलेला विचार तळेघरच्या मास्तराच्या पिंढरीत उतरेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. ज्ञानाचे असेच असते. ते कोणाच्या कामी येईल हे शोधणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून तर ते दडवून ठेवू नये.

माझा निकाल साधा निघाला. हृदय ठीक, मूत्रपिंडे ठीक, शिरेत गुठळी नाही. पायातले रक्त वर चढताना ते मागे घसरू नये म्हणून शिरांत बारीक झडपा असतात. माझ्या डाव्या पायातल्या काही झडपा सैल झाल्या आहेत. डॉक्टरांनी विचारले, "फार वेळ उभ्याने काम होते का?" मी म्हणालो, "बत्तीस वर्षे फळ्यासमोर उभा होतो." त्यांनी घट्ट ताणाचा मोजा वापरायला, निजताना पाय उशीवर ठेवायला आणि रोज चालायला सांगितले. ज्या निकालाला मी सात महिने घाबरलो तो एका मोज्यात मावला.

आता येथे गोष्ट संपवली असती तर ती दिवाळीला शोभली असती. पण मी पुण्याला तिच्याबरोबर गेलो होतो. तेथे तिच्या मूत्रपिंडाचा एक बारीक कण सुईने काढून तपासला, औषधे सुरू झाली, मीठ कमी करायला सांगितले. तिचा नवरा आणि मुलगा बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर खोलीतून बाहेर आले, आणि माझ्या जिभेवर एक प्रश्न आला: ती आषाढात आली असती तर? तो प्रश्न मी गिळला. पुन्हा तेच. पुन्हा न जाणण्याची ती सुखद पायवाट. डॉक्टर जिन्यापर्यंत गेले, तेव्हा मी मोज्यातला पाय ओढीत त्यांच्या मागे गेलो आणि विचारले. ते म्हणाले, "फरक पडला असता. किती, ते सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर मला ईडिपसच्या नाटकाचा तो विसरलेला आरंभ आठवला. तो राजा शोध का सुरू करतो? स्वतःच्या कुतूहलासाठी नव्हे. थीब्झ नगरात महामारी पसरली आहे, पिके करपली आहेत, माणसे मरत आहेत; प्रजा त्याच्या दारात येऊन बसली आहे. अपराधी सापडल्याशिवाय रोगराई हटणार नाही, म्हणून तो शोध घेतो. सत्य त्याच्यापुरते भयंकर ठरते, पण नगरासाठी ते जाणणे भाग असते. त्या शोकांतिकेला मी माझ्या बाजूची साक्षीदार मानले होते. ती उलट पक्षाची निघाली.

याहून आपल्या घरचे उदाहरण हत्तीरोगाचे आहे. तोही पाय सुजवणारा रोग. पॅट्रिक मॅन्सन हा डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात काम करीत असताना त्याने १८७७ साली दाखवले की या रोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात. पुढे असेही दिसून आले की ही सूक्ष्म पिल्ले माणसाच्या रक्तात दिवसा जवळजवळ सापडत नाहीत. रात्र झाली की ती वरच्या रक्तात येतात, डास चावायच्या वेळेला. म्हणून त्याची तपासणी रात्रीच्या रक्तावर करीत आले आहेत. भारतात १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरून बोटाच्या रक्ताचे थेंब गोळा करीत आले. आता विचार करा. ज्याचा पाय मुळीच सुजलेला नाही, जो धडधाकट आहे, गाढ झोपला आहे, त्याला रात्री उठवून बोट टोचायचे कशासाठी? त्याच्यासाठी तर आहेच. पण त्याच्या शेजाऱ्यासाठीही. कारण निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातूनही डास तो रोग पुढल्या घरी नेतो. त्या माणसाने "हे शरीर माझे आहे" म्हणून कूस बदलली, तर शेजारच्या पाळण्यातल्या मुलाने कोणाकडे दाद मागावी?

माझी सूज तर संसर्गाची नव्हती. तरीही ती पसरली. रोग पसरला नाही, निवांतपणा पसरला.

मग न जाणण्याचा हक्क मुळीच नाही काय? पुष्कळ विचार करून मला वाटते की आहे. ऐंशी वर्षांचा एखादा म्हातारा मुलाबाळांना जवळ बसवून सांगेल की, बाबांनो, मला भीती वाटते, किंवा मी दमलो आहे. मला आता सुया नकोत, नळ्या नकोत, जे व्हायचे ते येथे घरात होऊ द्या. त्याच्या या बोलण्याचा मी मान राखीन. त्याने जाणायचे नाकारले, पण नाकारल्याचे लपवले नाही. त्याच्यावर विसंबणाऱ्यांना आपापला रस्ता मोकळा राहिला. न जाणण्याचा हक्क असा उघड सांगूनच घेता येतो. मी तो चोरून घेतला. घाबरलो हा माझा अपराध नव्हे. सत्तरीच्या माणसालाच काय, कुणालाही घाबरायची मुभा आहे. घाबरलो असताना न घाबरल्याचा चेहरा लावून बसलो, हा अपराध. "मला भीती वाटते, मी जात नाही, तू मात्र जा," एवढे एक वाक्य मी आषाढात बोललो असतो तर पुरे होते.

यावर कुणी म्हणेल की ती एकटीही जाऊ शकली असती. आरोग्य केंद्र गावातच आहे. खरे आहे. पण जिला एक दिवस दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि पुढच्या तपासणीला मंचर किंवा पुणे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि घरी गुरांना कोण पाहील ही चिंता, तिला न जाण्याची कारणे शोधावी लागत नाहीत. ती दारात उभीच असतात. माझ्यासारख्याला, जो कधीही जाऊ शकतो, कारणे शोधावी लागतात. म्हणून तर मला इतके तत्त्वज्ञान लागले. तिला ते लागले नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर भाताची कापणी झाली, तेव्हा मी तिच्या वाडीवर गेलो. ती खळ्याच्या कडेला बसून होती. झोडणीचे काम तिला मना केले होते. सूज बरीच उतरली होती. औषधे पुष्कळ दिवस घ्यायची आहेत आणि पुण्याला फेऱ्या आहेत. मी तिच्याजवळ बसलो आणि डॉक्टरांनी जिन्यावर सांगितले ते सांगितले. शिवाय हेही सांगितले की मी निवांत नव्हतो. मी भ्यालो होतो, माझ्या बापाचे पाय मला दिसत होते, आणि गर्दीची, गणपतीची, पितृपंधरवड्याची कारणे खोटी होती.

ती पेंढ्यांकडे पाहत राहिली. तिने, "जाऊ द्या गुरुजी," असे म्हटले नाही. तिने तसे म्हणावे अशी माझी आशा होती, हे कबूल करतो. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "मग तवाच सांगायचं ना, भ्या वाटतंय म्हणून. मला बी वाटत व्हतं. दोघं मिळून भ्यालो असतो, पण गेलो असतो."

मी बत्तीस वर्षांत पुष्कळ मुलांची पाटी तपासली. माझी पाटी अशी कुणी तपासली नव्हती. निघताना तिने विचारले, पुण्याची पुढली तारीख वाचून सांगा, कागदावर बारीक लिहिलंय. मी वाचून सांगितली. मग तिनेच आठवण केली की माझीही तपासणी त्याच आठवड्यात आहे. आता आम्ही बरोबर जातो.